दिवाडी बेटावर घडलेलं धाडस

शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करायची, तर किमान किती अंतर कापावं लागतं? २१,६०० सागरी मैल. हा आकडा कुठून आला असेल? वर्तुळाचे ३६० अंश, दर अंशाच्या ६० कला आणि विषुववृत्तावरच्या एका कलेइतकं अंतर म्हणजे साधारण एक सागरी मैल. आता ३६० ला ६० नं गुणा. पृथ्वीचा अख्खा घेर हाताशी आला! आणि हा घेर एकट्यानं कापायचा, फक्त वाऱ्याच्या जोरावर.

२००६ पर्यंत एकाही भारतीयानं हे केलेलं नव्हतं. निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी मात्र हे स्वप्न सोडलं नव्हतं. अखेर नौदलानं विचारलं, कोण जाणार? आणि दिलीप दोंदे नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं हात वर केला. त्या क्षणी त्यांच्याकडे काय होतं? होडी नव्हती. एकट्यानं महासागर ओलांडल्याचा अनुभव नव्हता. ज्याला विचारावं असा, हे करून आलेला एकही माणूस देशात नव्हता.

मग एवढं धैर्य आलं कुठून? मला सगळ्यात थक्क करतं ते हेच. ते आधी आलंच नाही, ते हळूहळू बांधलं गेलं. तेही गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात.

दांडेकरांनीही अशी होडी पूर्वी बांधलेली नव्हती! जायचंय त्याला माहीत नाही आणि बांधायचंय त्यालाही माहीत नाही. पण शिकायला दोघेही तयार. लाल सिडारच्या पट्ट्या एकमेकींना जोडत, वर फायबरग्लासचे थर चढवत ५६ फुटांची होडी उभी राहिली. तिचं नाव ‘म्हादेई’. दोंदे ती घडताना पाहत होते, त्यात हात घालत होते. भर समुद्रात रात्री काही मोडलं तर दुरुस्तीला येणार कोण? म्हणून कुठली तार कुठून गेली आहे, कुठला बोल्ट कशाला धरून आहे, हे हातांना ठाऊक हवं. भीतीचं मोठं गाठोडं अशानं सुटत जातं. ‘समुद्रात माझं काय होईल’ या प्रश्नाला उत्तर नसतं. ‘सुकाणूचा सांधा निखळला तर काय करायचं’ याला असतं.

आता होडीच्या पोटाखाली बघा. तिथे शिशाचा प्रचंड भार असतो. लाटेनं होडी आडवी केली, तरी हा भार तिला पुन्हा उभी करू पाहतो. अगदी आपल्या लहानपणच्या त्या बाहुलीसारखा, कितीही पाडली तरी उठून बसणाऱ्या!

पण एकटा माणूस झोपतो कधी? तुकड्यातुकड्यांनी. आणि तेवढ्या वेळात सुकाणू कोण धरतं? इथे एक लाजवाब युक्ती आहे, जिला वीजही लागत नाही. होडीच्या मागे एक हलकं पातं वाऱ्यात उभं असतं. होडी भरकटली की वारा त्याला तिरका लागतो आणि ते कलतं. त्याच्या कलण्यानं पाण्यातलं दुसरं पातं किंचित वळतं. धावतं पाणी त्या पात्याला जोरानं बाजूला ढकलतं आणि त्याला बांधलेल्या दोऱ्या सुकाणू ओढतात. होडी पुन्हा वाटेवर! म्हणजे वाराच होडी हाकतो आणि वाराच तिला वळवतो.

त्या वाऱ्याची खरी ताकद दक्षिणेत. चाळीस अंश दक्षिणेच्या खाली नकाशा पाहा, जमीन जवळजवळ नाहीच. पश्चिमेचे वारे पृथ्वीभोवती जवळपास बिनअडथळा धावतात आणि लाटांना मोठं व्हायला हवी तेवढी जागा मिळते. हे सगळं पाणी जिथे दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिका यांच्यामधून जातं, तिथेच केप हॉर्न. ते ओलांडायचं तर दक्षिणेतल्या उन्हाळ्यात. म्हणूनच तर मुंबईहून निघायचं ऐन पावसाळ्यात!

१९ ऑगस्ट २००९ रोजी ‘म्हादेई’नं मुंबई सोडली. वाटेतले थांबे: फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन. १९ मे २०१० रोजी दोंदे मुंबईत परतले. एकट्यानं शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय.

या साऱ्यात एक धागा तर मला फारच विलक्षण वाटतो. जगात पहिल्यांदा एकट्यानं, कुठेही न थांबता ही प्रदक्षिणा केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश खलाशानं, १९६८-६९ मध्ये, ३१२ दिवसांत. ती एक शर्यत होती; तीत नऊजण उतरले होते, पूर्ण केली ती त्या एकट्यानंच. त्याचं वाऱ्यावर चालणारं सुकाणूयंत्र ऑस्ट्रेलियाजवळच मोडलं, पण शिडांचा तोल साधत तो पुढे जात राहिला. आणि त्याची ती ३२ फुटी सागवानी ‘सुहेली’ कुठे बांधलेली होती? आपल्या मुंबईत!

पुढे २०१२-१३ मध्ये नौदलाचेच अधिकारी अभिलाष टॉमी त्याच ‘म्हादेई’तून एकट्यानं, न थांबता जाऊन आले. २०१८ साली जुन्या शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त भरलेल्या शर्यतीसाठी दांडेकरांच्या कारखान्यानं ‘सुहेली’ची प्रतिकृती बांधली, ‘थुरिया’. टॉमी ती घेऊन निघाले, पण दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळानं ती उलटवली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींचा कणा जबर दुखावला. त्यांना सोडवून आणावं लागलं. पाठीत टायटॅनियमच्या सळया घातल्या, चालणं नव्यानं शिकावं लागलं. सप्टेंबर २०२२ मध्ये हाच माणूस दुसरी होडी घेऊन त्याच शर्यतीत पुन्हा उतरला, ज्या समुद्रानं उलटवलं होतं त्यातून पार झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकानं फ्रान्सच्या किनाऱ्याला लागला.