म्हाताऱ्या मांजराची नजर : ओळखायची कशी, जपायची कशी



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी मांजर असतं. मूल बालवाडीत असताना आणलेलं पिल्लू, मूल दहावीला जाईपर्यंत म्हातारं झालेलं असतं, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. मांजर दहा-अकरा वर्षांचं झालं की ते ज्येष्ठ समजावं. पंधरा वर्षांचं मांजर म्हणजे साधारण आपल्याकडची पंचाहत्तरीची आजी. मग एके दिवशी ते खुर्चीच्या पायाला धडकतं, खिडकीवरची उडी चुकते, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "वय झालं तिचं, चालायचंच!"

या "चालायचंच" मध्येच खरा धोका आहे. म्हाताऱ्या मांजराची नजर एकाएकी जाण्याचं एक मोठं कारण उपचार करण्याजोगं असतं, पण त्यासाठी हातात फार थोडा वेळ असतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

डोळ्याची रचना

दहावीच्या विज्ञानात 'भिंगे व त्यांचे उपयोग' शिकवताना आपण मानवी डोळा शिकवतो. मांजराच्या डोळ्यातही तेच भाग असतात : पुढे पारदर्शक पारपटल, मग रंगीत परितारिका आणि तिच्या मधोमध बाहुली, त्यामागे नेत्रभिंग आणि सर्वांत मागे दृष्टिपटल. मांजराची बाहुली मात्र उन्हात उभ्या फटीसारखी बारीक होते आणि अंधारात गोल, मोठी होते. दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा चकाकणारा एक थर असतो. तो आत आलेला प्रकाश पुन्हा परतवतो. त्यामुळे माणसाला लागतो त्याच्या सुमारे सहाव्या भागाइतक्या उजेडातही मांजराचं भागतं. रात्री त्याचे डोळे चमकतात तेही याच थरामुळे.

डोळा धुरकट दिसतो म्हणजे मोतीबिंदूच का?

नाही. वयानुसार नेत्रभिंगाचा गाभा घट्ट होत जातो आणि डोळ्याला निळसर-करडी झाक येते. यात मांजराला बऱ्यापैकी दिसत असतं. मोतीबिंदूत भिंग पांढरं, अपारदर्शक होतं. कुत्र्यांच्या मानाने मांजरांत मोतीबिंदू कमी आढळतो आणि बहुधा डोळ्याच्या आतल्या जुन्या सुजेमागून येतो. म्हणजे मोतीबिंदू दिसला तर त्याच्यामागचा आजारही शोधायला हवा. निळसर झाक कोणती आणि मोतीबिंदू कोणता, हे घरी बसून ठरवू नका. डॉक्टर उपकरणाने डोळ्यात पाहून ते सांगू शकतात.

परितारिकेवर तपकिरी ठिपके दिसू लागले तर एक करा. दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात मोबाइलने डोळ्याचा फोटो काढून ठेवा. ठिपके बरेचदा निरुपद्रवी असतात, पण क्वचित ती गाठीची सुरुवात असते. ते पसरत असतील, उंचावत असतील किंवा बाहुलीचा आकार बदलत असेल, तर फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा.

सर्वांत महत्त्वाचं : रक्तदाब

आजोबांचा बीपी आपण नियमित तपासतो. मांजरालाही बीपीचा त्रास होतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. म्हाताऱ्या मांजरात किडनी हळूहळू निकामी होत जाणं किंवा थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागणं, हे आजार पुष्कळ आढळतात. या दोन्हींबरोबर रक्तदाब वाढू शकतो. वरचा आकडा 160 च्या पुढे गेला की काळजी, आणि 180 च्या पुढे गेला की डोळे, मेंदू, हृदय व किडनी यांना मोठा धोका असतो.

डोळ्यात नेमकं काय होतं? दृष्टिपटलाच्या पाठीमागच्या नाजूक रक्तवाहिन्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं. त्या दाबाने दृष्टिपटल आपल्या जागेवरून सुटतं. भिंतीत ओल शिरली की रंगाचा पापुद्रा सुटतो ना, तसंच. कालपर्यंत ठीक असलेलं मांजर आज भिंतीला आपटतं. दोन्ही बाहुल्या भर उजेडातही मोठ्या आणि गोल राहतात. कधी डोळ्यात रक्त उतरलेलं दिसतं.

असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मांजराचा बीपी पायाला किंवा शेपटीच्या मुळाशी छोटा पट्टा बांधून मोजतात, त्याला दुखत नाही. बीपी उतरवण्याची गोळी रोज द्यावी लागते आणि ती बहुधा आयुष्यभर चालते. उपचार लवकर सुरू झाले तर दृष्टिपटल पुन्हा जागेवर बसून थोडीफार नजर परत येऊ शकते. उशीर झाला तर नजर येण्याची आशा फारशी उरत नाही, तरी मेंदू आणि किडनी वाचवायला गोळी हवीच.

आधीच्या खुणा घरातही दिसतात : पाणी जास्त पिणं, लघवी वाढणं, भरपूर खाऊनही वजन उतरणं, रात्री उगाच मोठमोठ्याने ओरडणं. अशा मांजराची बीपी, रक्त आणि लघवी तपासून घ्या. दहा वर्षांनंतर वर्षातून एकदा तरी ही तपासणी व्हावी, सहा महिन्यांनी झाली तर उत्तमच.

दूध-पोळी आणि नजर

आपल्या घरांत मांजराला दूध-पोळी किंवा दूधभात घालायची पद्धत आहे. पण मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. त्याच्या दृष्टिपटलाला आणि हृदयाला टॉरिन नावाचा घटक लागतो. तो मांस-मासळीत असतो आणि मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. 1975 साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिलं, की दुधातल्या केसीन या प्रथिनावरच वाढवलेल्या मांजरांत टॉरिन कमी पडून दृष्टिपटल खराब होतं. कुत्र्याचं खाणं रोज मांजराला घालणंही याच कारणाने चुकीचं आहे. मेलेल्या पेशी पुन्हा येत नाहीत, पण वेळेत आहार सुधारला तर पुढची हानी थांबते. घर शाकाहारी असेल, तर मांजरासाठी बनवलेलं, टॉरिन असलेलं तयार खाद्य हा सोपा मार्ग.

घरी करायच्या दोन चाचण्या

1. कापसाचा बोळा मांजरासमोर उंचावरून सोडा. आवाज होत नाही, त्यामुळे दिसत असेल तरच मांजर नजरेने त्याचा माग घेईल. पण लहरी मांजर मुद्दामही दुर्लक्ष करतं, म्हणून दोन-तीन वेळा करून पाहा. डोळ्यासमोर हात हलवू नका. मिशांना वारा लागला तरी ते दचकतं आणि आपली फसगत होते.

2. ओळखीच्या खोलीत एक-दोन वस्तू नव्या जागी ठेवा आणि मांजराला चालू द्या. आधी भरपूर उजेडात, मग मंद उजेडात.

एक डोळा मिटून घेणं, लाली, पाणी, चिपडं, एक बाहुली लहान आणि एक मोठी, किंवा एक डोळा मोठा दिसणं, ही दुखण्याची लक्षणं असू शकतात. मांजरातला काचबिंदूही बहुधा गुपचूप वाढतो. मांजर रडत नाही, नुसतं कोपऱ्यात बसून राहतं.

हे करू नका

माणसांच्या डोळ्यांचे उरलेले थेंब घालू नका. त्यात स्टिरॉइड असेल आणि पारपटलावर जखम असेल, तर जखम चिघळते. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, मांजराला ते विष आहे. एन्रोफ्लोक्सासिन हे प्राण्यांसाठीचं प्रतिजैविक जास्त मात्रेत गेलं तर मांजर आंधळं होऊ शकतं, तेव्हा कुत्र्याच्या मापाने मांजराला औषध देणं नको. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आधीच माहीत करून ठेवा. मुंबईत परळला 1886 साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही जनावरांवर उपचार होतात.

नजर गेलीच तर

आंधळं मांजर समाधानाने जगू शकतं. त्याला नाक, मिशा आणि आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण कान असतात. आपल्याला पाळायचे नियम थोडेच आहेत. पाणी, खाणं आणि मातीचा ट्रे यांच्या जागा बदलू नयेत. फर्निचर हलवू नये. जिना, गॅलरी आणि खिडकीला जाळी हवी. मांजर एकटं बाहेर सोडू नये. उचलण्याआधी हाक मारावी, कारण झोपेत एकदम हात लागला की ते घाबरून बोचकारतं. उचलून भलत्याच खोलीत ठेवू नये, त्याच्या ओळखीच्या जागी ठेवावं.

मुलं विचारतील, "तिला आता काहीच मजा येणार नाही का?" उत्तर शब्दांनी देण्यापेक्षा वर्गात एक उपक्रम घ्या. एका मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधून त्याला दारापासून त्याच्या बाकापर्यंत चालायला सांगा, सोबत एक मुलगा असू द्या. दोन-तीनदा चाललं की तो सहज पोहोचतो. मग त्याला न सांगता एकच बाक हातभर सरकवा आणि पुन्हा चालायला सांगा. तो कुठे अडखळला आणि का, यावर मुलांनाच बोलू द्या. संध्याकाळी घरी गेल्यावर मनीच्या पाण्याच्या वाटीची जागा कुणी बदलायची नाही, हे तीच मुलं घरच्यांना बजावतील.