तांब्याचे न्यूट्रॉन किती?

तांब्याच्या अणूत न्यूट्रॉन किती, असे नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला विचारा. तो आवर्तसारणीत तांब्याचा चौकोन शोधतो. तिथे २९ हा अणुअंक आणि ६३.५५ हे अणुवस्तुमान. वस्तुमानाचे ६४ करायचे, त्यातून २९ वजा करायचे, उत्तर ३५. रीत शाळेत शिकवलेलीच आहे. पण खाणीतून निघालेल्या तांब्यात ३५ न्यूट्रॉनचा अणू शोधूनही सापडणार नाही. तो कृत्रिमरीत्या बनवता येतो, पण तेरा तासांच्या आतच त्यातले निम्मे अणू दुसऱ्या मूलद्रव्यांत बदलून जातात.

यातला २९ मात्र पक्का. अणुकेंद्रात २९ प्रोटॉन म्हणजे तांबे. एक वाढला की जस्त. अणूवर विद्युतभार नसेल तर इलेक्ट्रॉनही २९च. ते मात्र ये-जा करतात. द्राक्षबागांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असते. त्यातल्या तांब्याने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. उरले २७, म्हणजे कोबाल्टच्या अणूत असतात तेवढेच. तरी त्याचे कोबाल्ट होत नाही, कारण केंद्रातले प्रोटॉन जागच्या जागी असतात.

गोची आहे ती ६३.५५ मध्ये. हे कुठल्याही एका अणूचे वस्तुमान नव्हे, सरासरी आहे. निसर्गातल्या शंभर अणूंपैकी सुमारे ६९ अणूंचा वस्तुमानांक ६३, उरलेल्यांचा ६५. म्हणजे न्यूट्रॉन ३४ किंवा ३६. पस्तीस कुणाकडेच नाहीत. चांदी आणि ब्रोमिनही असेच फसवतात. उलट सोने, ॲल्युमिनियम, सोडियम यांचे निसर्गात एकेकच स्थिर समस्थानिक असल्याने तिथे वजाबाकी बिनचूक येते: सोन्याचे १९७ वजा ७९, न्यूट्रॉन ११८. क्लोरीन तर प्रामाणिकच म्हणायचे. त्याचे ३५.४५ पाहूनच शंका येते.

या सरासरीने खुद्द मेंडेलीव्हलाही चकवले होते. १८६९ साली त्याने मूलद्रव्ये मांडली ती मुख्यतः अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने. गुणधर्म पाहता टेल्युरियम आधी आणि आयोडीन नंतर यायला हवे होते; पण टेल्युरियमच जड भरत होते. त्याने गुणधर्मांवर भरवसा ठेवून आयोडीन नंतर बसवले आणि टेल्युरियमचे वजन चुकीचे मोजले गेले असणार, असे मानले. जागा बरोबर होती, कारण चुकीचे.

१९१३ मध्ये इंग्लंडच्या हेन्री मोजलेने मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारिता मोजली. एकेक घर पुढे सरकावे तसे तिचे वर्गमूळ ठरावीक मापाने वाढत होते. क्रम ठरतो तो केंद्रातल्या धनभाराने, वजनाने नव्हे, हे त्यातून दिसले. निकेलहून किंचित जड असलेला कोबाल्ट त्याच्या आधी का, हेही कळले. दोनच वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मोजले गॅलिपोलीच्या युद्धात मारला गेला. जेम्स चॅडविकने न्यूट्रॉन शोधला तो १९३२ मध्ये.

मग टेल्युरियमचाही हिशेब जुळला. प्रोटॉन ५२च, पण निसर्गातल्या त्याच्या बहुतांश अणूंत ७६ किंवा ७८ न्यूट्रॉन असतात. आयोडीनमध्ये प्रोटॉन ५३ आणि न्यूट्रॉन ७४. मेंडेलीव्हच्या काळातल्या तराजूत दोष नव्हता.