चिंगीचे पोट

दिवाळीनंतरचा आठवडा हा आम्हा फॅमिली डॉक्टरांचा ‘पोटाचा आठवडा’. चकल्या, कडबोळी, करंज्यांनी दमलेली पोटे बाकावर रांगेने बसलेली असतात. मुलुंडला दवाखाना थाटून मला पंचवीसहून अधिक वर्षे झाली. या आठवड्यात पेशंट आत आला की काय खाल्ले हे मी विचारतही नाही, फक्त किती ते विचारतो. दोन वर्षांपूर्वी मात्र या रांगेत न बसलेला एक पेशंट माझ्याच घरी निघाला. आमची चिंगी. पॉमेरेनियन जातीची, साडेचार किलो वजनाची. (जाणकार म्हणतात, आपण ज्याला पॉमेरेनियन म्हणतो तो बहुधा भारतीय स्पिट्झ असतो. आमच्या सोसायटीत त्याने कुणाला फरक पडत नाही.)

झाले असे, की भाऊबीजेला घरात अठरा माणसे होती. चिंगीने प्रत्येकाच्या पुढ्यात जाऊन शेपटी हलवली आणि प्रत्येकाने ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणून काहीतरी दिले. शंकरपाळा, चकलीचा तुकडा, आणि रात्री मटणाच्या रश्शावरची तर्री लावलेला भात. अठरा माणसांचे ‘एवढेसे’ एका साडेचार किलोच्या पोटात गेले.

रात्री तीनदा उलटी झाली. सकाळी ती पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून आणि मागचा भाग वर करून उभी राहिली. भाची म्हणाली, “मामा, चिंगी सूर्यनमस्कार घालतेय!” आम्ही सगळे हसलो. ते हसणे मला अजून टोचते. कुत्र्याचे पोट फार दुखत असले की ते असे उभे राहते, हे मला त्या दिवशी दुपारी कळले.

त्याआधी मी आणखी एक शहाणपणा केला होता. दुखते आहे एवढे कळले, म्हणून बॅगेतून ४०० मिलिग्रॅमची आयबुप्रोफेनची गोळी काढली आणि पाव तुकडा केळ्यात घालून तिला दिला. पाव गोळी म्हणजे काहीच नाही, असे मनात होते. हिशेब नंतर केला. १०० मिलिग्रॅम औषध साडेचार किलोला, म्हणजे साठ किलोच्या माणसाने एका वेळी तीनहून अधिक गोळ्या गिळण्यासारखे. शिवाय कुत्र्याच्या शरीरातून हे औषध आपल्यापेक्षा सावकाश बाहेर पडते. जठराचे अस्तर सोलवटते, मूत्रपिंडांना इजा होते. दुपारच्या उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखा रंग दिसला आणि माझे हातपाय गार पडले. पेशंटच्या बाबतीत हा रंग मी शेकडो वेळा पाहिला आहे.

पशुवैद्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “डॉक्टरसाहेब, घरी काय दिलंत ते आधी सांगा.” मी सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांच्या जागी मी असतो, तर पेशंटला चार शब्द सुनावले असते.

रक्त तपासले, सोनोग्राफी झाली. स्वादुपिंडाला सूज होती. जठरामागे असलेली ही ग्रंथी स्निग्ध पदार्थ पचवणारे रस तयार करते. एकदम तेलकट-तुपकट खाणे झाले की काही कुत्र्यांत हे रस आतड्यात पोचण्याआधीच ग्रंथीतच कामाला लागतात आणि ती स्वतःलाच पचवू लागते. माणसात या आजाराची मुख्य कारणे दारू आणि पित्ताचे खडे ही आहेत. कुत्र्याच्या बाबतीत सणाच्या पंगतीनंतर तो होण्याची भीती असते. तीन दिवस सलाईन, उलटी थांबवणारी आणि दुखणे कमी करणारी इंजेक्शने, जठराला जपणारे औषध असे चालले. तिसऱ्या दिवशी तिने शेपटी हलवली.

इथे लहान चणीच्या कुत्र्यांविषयी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. उलट्या-जुलाबांनी शरीराच्या वजनाच्या पाच टक्के पाणी गेले, तर साठ किलोच्या माणसाचे तीन लिटर जाते. चिंगीचे सव्वादोनशे मिलिलिटर, म्हणजे जेमतेम पेलाभर! दोन उलट्या आणि तीन जुलाबांत एवढे सहज निघून जाते. म्हणून ‘उद्या बघू’ हे मोठ्या कुत्र्याला एखादे वेळी चालेल, लहानाला चालत नाही. ओळखायचे कसे? तान्ह्या मुलांत बघतो तसेच. हिरडीला बोट लावा; ती ओलसर असावी, चिकट नसावी. बोटाने दाबून सोडली की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हावी. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली की लगेच खाली बसावी. नाक गरम की थंड याला काही अर्थ नाही. ताप बघायचाच, तर कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. आपला ताप तो त्याचा नेहमीचा आकडा.

घरी आणल्यावर खरी शुश्रूषा सुरू झाली आणि ती केली आमच्या सौ.ने. पाणी वाटीभर पुढे ठेवले नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन चमचे, तेवढेच. एकदम भांडेभर प्यायले की तेवढेच उलटून पडते. पूर्वी अशा आजारात कुत्र्याला दोन-तीन दिवस उपाशी ठेवत. माणसालाही ठेवत असू. आता दोघांच्याही बाबतीत मत बदलले आहे. उलट्या आटोक्यात आल्या की थोडे थोडे खाणे लवकर सुरू करतात. लहान पिलाला तर उपाशी ठेवूच नये, त्याच्या रक्तातली साखर भराभर उतरते. चिंगीला अगदी मऊ शिजवलेला भात आणि कातडी काढून पाण्यात उकडलेली कोंबडी, दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन चमचे असे दिले. तूप नाही, मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही. कांद्या-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. शाकाहारी घरांत साय काढलेल्या दुधाचे पनीर चालेल का, ते आपल्या पशुवैद्यांना विचारावे. दूध मात्र देऊ नका, त्याने जुलाब वाढतात.

आमच्या भागात पावसाळ्यात मक्याच्या कणसाचे बुरखुंडे आणि उन्हाळ्यात आंब्याची कोय कुत्र्यापुढे टाकण्याची पद्धत आहे. दोन्ही आतड्यात अडकतात आणि मग ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसते. चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, मनुका हे कुत्र्याला विष. शुगर-फ्री च्युइंगगममध्ये असणारे झायलिटॉलही तसेच.

रक्त पडणे, पाणीही न टिकणे, पोट फुगून टणक होणे, झोकांड्या जाणे, किंवा सहा महिन्यांच्या आतले पिलू असणे, यांतले एकही असेल तर घरगुती उपचारांत वेळ घालवू नका. पिलाला उलट्या आणि घाण वासाचे रक्ती जुलाब म्हणजे पार्व्हो समजून धावा. हा विषाणू १९७८ साली प्रथम ओळखला गेला आणि दोन-एक वर्षांत जगभर पसरला. माणसाला तो होत नाही, पण घरात महिनोन्‌महिने टिकतो. नेहमीच्या फिनाईलवर भिस्त ठेवू नये. विष्ठा काढून फरशी धुतल्यावर ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटे ठेवावा. लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यायची असते. एकच टोचून थांबणारे पुष्कळ भेटतात.

आता माणसांचा डॉक्टर म्हणून एक गोष्ट निक्षून सांगतो. कुत्र्याला गिळता येत नाही, जबडा लोंबतो, लाळ गळते, तेव्हा ‘घशात हाड अडकलंय’ म्हणून कुणी तोंडात हात घालू नये. पिसाळलेला कुत्रा नेहमी चावरा होऊन धावतो असे नाही. काही गुपचूप कोपऱ्यात बसतात आणि नेमके असेच दिसतात. हात घातला गेलाच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखान्यात या.

माझ्याकडे अजूनही पिशवीत घालून पिले येतात. “काका, एक इंजेक्शन द्या ना, परळ फार लांब पडतं.” परळ म्हणजे सर दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिलेले बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ, १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच आवारात आहे. १९९०च्या दशकात माझ्या ओळखीचे बहुतेक लोक तिथेच जात. रिक्षा शीवपर्यंत, पुढे टॅक्सी, मांडीवर ओकणारे कुत्रे. आता मुलुंडमध्येच पशुवैद्य आहेत, तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. १९८४च्या कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्याखेरीज इतरांना हा व्यवसाय करता येत नाही, हे मी त्यांना सांगतो. पाव गोळीची गोष्टही सांगतो. कायद्यापेक्षा ती लवकर पटते.

गेल्या दिवाळीत आम्ही दारावर पाटी लावली : ‘कृपया चिंगीला फराळ देऊ नये.’ आत्याबाईंनी ती चष्मा लावून वाचली. बेदाण्याचे मीच त्यांना समजावून सांगितले होते. त्यांनी हातातल्या बेसनाच्या लाडवातला बेदाणा काढून बाजूला ठेवला आणि विचारले, “आता चालेल ना रे?”