‘मारायचे नाही’ असे करारात लिहून घेणारे फादर

विद्याविहारला पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला नुसते ‘डॉन बॉस्को’ म्हटले तरी तो मीटर टाकतो. बोरिवलीत लोकमान्य टिळक रोडवरही हेच नाव पत्त्याचे काम करते आणि माटुंग्यात तर पिढ्यान्‌पिढ्या. इतक्या वेळा उच्चारल्या जाणाऱ्या या नावामागचा माणूस मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. ‘डॉन’ या शब्दाला मुंबईने दुसराच अर्थ चिकटवला आहे. इटलीत ती धर्मगुरूच्या नावाआधी लावायची आदराची उपाधी आहे, आपण ‘फादर’ म्हणतो तशी. ‘बॉस्को’ म्हणजे रान, वन. जोव्हान्नी बॉस्को हे त्यांचे नाव. 1815 साली उत्तर इटलीतल्या बेक्की नावाच्या वाडीत एका गरीब शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला.

जोव्हान्नी दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वडील न्यूमोनियाने गेले. आई मार्गारिता हिने शेत सांभाळून मुलांना वाढवले. शाळेचा खर्च भागवण्यासाठी हा मुलगा शिंप्याकडे राहिला, लोहाराकडे राबला, चांभारकाम शिकला, कॉफीच्या दुकानात टेबले पुसली. जत्रेत डोंबाऱ्याचे खेळ पाहून दोरीवर चालायला आणि हातचलाखीच्या करामती करायलाही तो शिकला आणि त्याच्या जोरावर गावातली पोरे भोवती जमवू लागला. पुढे त्यांनी जे उभे केले त्याची बीजे या उमेदवारीतच आहेत, असे मला वाटते. कारागिराच्या हाताखालच्या पोराचे दुखणे त्यांना पुस्तकातून समजून घ्यावे लागले नाही.

1841 मध्ये धर्मगुरू होऊन ते तुरीन शहरात आले. शहर तेव्हा झपाट्याने वाढत होते. आसपासच्या डोंगराळ गावांतून बारा-पंधरा वर्षांची पोरे गवंड्यांच्या हाताखाली विटा-चुना वाहायला येत आणि पुलाखाली, तबेल्यात, जागा मिळेल तिथे झोपत. त्यांतली कित्येक लवकरच तुरुंगात पोचत. मुंबईच्या वाचकाला हे चित्र परके वाटू नये. डॉन बॉस्को तुरुंगांत जात, या पोरांशी बोलत. बाहेर वाट पाहणारे कोणी असते तर ही मुले पुन्हा आत आली नसती, हे त्यांच्या मनाने घेतले.

त्याच वर्षी 8 डिसेंबरला असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये एक प्रसंग घडला. बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा सोळा वर्षांचा, आईबाप नसलेला, गवंड्याच्या हाताखालचा मुलगा थंडीतून आत शिरला. पूजेत मदत करता येत नाही म्हणून चर्चच्या सेवकाने त्याला काठीने बडवून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावले. लिहिता येते का? नाही. वाचता येते का? नाही. सांगतात की, मग त्यांनी विचारले, शिट्टी तरी वाजवता येते का? पोरगा हसला. पुढच्या आठवड्यांत तो आपल्यासारख्या आणखी काहींना घेऊन आला. या सोबतीला रविवारच्या मेळाव्याचे रूप आले. 1846 च्या ईस्टरला वाल्दोको भागातल्या एका पडवीवजा शेडमध्ये मेळाव्याला कायमची जागा मिळाली.

यानंतरची एक गोष्ट मला सगळ्यात थोर वाटते. 8 फेब्रुवारी 1852 रोजी डॉन बॉस्कोंनी मुद्रांकित कागदावर एक करारनामा केला. एका बाजूला सुतार जुझेप्पे बेर्तोलिनो, दुसऱ्या बाजूला जुझेप्पे ओदास्सो हा शिकाऊ मुलगा. मुदत दोन वर्षांची. मालकाने मुलाला धंद्याबाहेरची घरगुती हरकामे सांगायची नाहीत. त्याला दुरुस्त करायचे ते शब्दांनी, मारून नव्हे. रविवारी आणि सणाला सुटी, शिवाय वर्षाकाठी पंधरा दिवसांची रजा. मजुरी टप्प्याटप्प्याने वाढवायची. मुलानेही आज्ञाधारक राहायचे आणि नुकसान केले तर भरून द्यायचे. खाली मालकाची सही, मुलाची सही, वडिलांची सही आणि डॉन बॉस्कोंचीही सही. युरोपातल्या कारखानदारीच्या त्या काळात पोरांना चौदा-चौदा तास राबवले जात होते आणि थप्पड हा शिक्षणाचा भाग मानला जात होता. तिथे एका धर्मगुरूने दयेची याचना केली नाही, कलमे लिहून घेतली. शिकाऊ उमेदवारांसाठी स्वतंत्र भारताचा कायदा 1961 साली आला. त्याच्या 109 वर्षे आधीचा हा कागद आहे.

तरी दुसऱ्याच्या दुकानात पाठवलेल्या पोराची काळजी संपत नव्हती. तेव्हा 1853 पासून त्यांनी स्वतःच कार्यशाळा काढल्या. आधी चांभारकाम आणि शिवणकाम आले, मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, छापखाना आणि लोहारकाम.

1854 मध्ये तुरीनला पटकीची साथ आली. भीतीने लोक आपल्याच आजाऱ्यांना टाकून पळत होते आणि शहराला शुश्रूषेसाठी माणसे मिळेनात. डॉन बॉस्कोंच्या हाकेला 44 मुले पुढे आली. त्यांनी घरोघरी जाऊन रोग्यांची सेवा केली, आणि त्यांच्यापैकी एकालाही लागण झाली नाही, अशी नोंद चरित्रांत आहे. कालपर्यंत ज्यांना शहर उनाड म्हणत होते, तीच ही मुले.

18 डिसेंबर 1859 रोजी या कामासाठी संघ स्थापन झाला. सौम्यपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावावरून त्यातल्या व्रतस्थांना सालेशियन म्हणतात. पहिल्या सदस्यांतले बहुतेक जण वाल्दोकोतच वाढलेले तरुण होते. 1872 मध्ये मारिया मात्सारेल्लो यांच्यासोबत मुलींसाठी भगिनींचा संघ निघाला. आज सालेशियन 130 हून अधिक देशांत आहेत. त्यांच्या शिक्षणपद्धतीचे तीन पाय आहेत: विवेक, धर्म आणि ममत्व. तिसऱ्या पायाविषयी डॉन बॉस्को फार आग्रही होते. आपण मुलांवर माया करतो एवढे त्यांना पुरेसे वाटत नसे. ती माया मुलांना जाणवली पाहिजे, असे ते म्हणत. म्हणून शिक्षकाने मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये न बसता मैदानावर असावे, ही सालेशियनांची जुनी रीत.

भारतात सालेशियन प्रथम 1906 मध्ये तंजावरला आले. मुंबईतला त्यांचा आरंभ ताडदेवचा. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला फादर ऑरेलियस मास्किओ यांनी शाळा माटुंग्याला आणली, आणि पुढे शहर जसे रुळांच्या कडेने उत्तरेला सरकले तशा त्यांच्या संस्थाही सरकल्या. अंधेरी पूर्वेला महाकाली लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर सेंट डॉमिनिक साव्हिओ शाळा आहे. हे नाव कुणा बिशपचे किंवा देणगीदाराचे नाही. साव्हिओ हा वाल्दोकोतला डॉन बॉस्कोंचा विद्यार्थी. 1857 मध्ये, वयाची पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधीच तो गेला, आणि 1954 मध्ये त्याला संतपद मिळाले. विद्यार्थ्याच्या नावाने शाळा चालावी, यात त्या शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचा मान आहे. बोरिवलीत शाळेच्या जोडीला घर नसलेल्या मुलांसाठी ‘बॉस्को बॉईज होम’ आहे, तर वडाळ्याचे ‘शेल्टर डॉन बॉस्को’ रस्त्यावर आणि फलाटावर राहणाऱ्या मुलांसाठी काम करते. गारेल्ली आज असता, तर कदाचित तिथे सापडला असता.

विद्याविहारलगतची कुर्ल्याची जागा मात्र थोडे थांबून पाहण्यासारखी आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1947 पासून इथे गाड्या बांधल्या. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, ती पद्मिनी, इथलीच. हजारो फिटर, टर्नर, वेल्डर या कारखान्याच्या भोंग्यावर जगले. 2000 च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. त्याच प्रीमियर ऑटोमोबाइल्स रोडवर 2001 मध्ये डॉन बॉस्कोचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्याच परिसरात जहाजावरच्या नोकरीचे शिक्षणही मिळते. कारखाना गेला तेव्हा एका पिढीची रोजी गेली, ती कोणी परत आणली नाही. पण ज्या रस्त्याने बाप पाळीला जात होते, त्याच रस्त्याने मुले वर्गात जाऊ लागली.

डॉन बॉस्कोंच्या या कामाचे धागे आजच्या शाश्वत विकासाच्या विचारातही सापडतात. ‘शाश्वत विकास’ हा शब्द 1987 च्या ब्रुन्टलँड अहवालाने जगभर नेला: आजची गरज भागवताना पुढच्या पिढीच्या ताटातले ओढायचे नाही. 2015 च्या जून महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढले. पृथ्वीचे दुःख आणि गरिबाचे दुःख वेगळे करता येत नाही, हे त्याचे सार. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी 17 उद्दिष्टे ठरवली. त्यांत चौथे शिक्षणाचे आणि आठवे सन्मानाच्या कामाचे आहे. ओदास्सोच्या करारात ही दोन्ही होती. पर्यावरणाचे पान सालेशियनांनी नंतर जोडले, आणि ते जोडण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. मुंबईचे फादर सॅव्हियो सिल्व्हेरा यांच्या पुढाकाराने 2018 मध्ये ‘डॉन बॉस्को ग्रीन अलायन्स’ उभी राहिली. जगभरच्या सालेशियन संस्थांतल्या तरुणांची ही साखळी आहे. प्रदूषण कमी करणे, तापमानवाढ रोखणे आणि एकदा वापरून फेकायचे प्लास्टिक बंद करणे, ही तिची तीन कामे.

उपनगरातल्या मुलाला हे विषय दूरचे नाहीत. कुर्ल्याच्या मुलाला मिठी नदी माहीत आहे, आणि 26 जुलै 2005 ला एका दिवसात पडलेल्या 944 मिलिमीटर पावसात तिने काय केले तेही त्याने घरी ऐकलेले आहे. बोरिवलीच्या मुलाच्या पाठीशी शंभरावर चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्याच डोंगरातून स्वच्छ निघालेली पोयसर नदी वस्तीत शिरली की नाला होते. ज्यांच्या घरात पाणी शिरते, त्यांच्याच पोरांची वह्या-पुस्तके भिजतात. म्हणून शाळा आणि नदी हे दोन वेगळे विषय नाहीत, असे मला मनापासून वाटते.

आणि हाताच्या कामाला यात फार मोठी जागा आहे. बिघडलेला पंप, पंखा, शिलाई मशीन भंगारात न देता पुन्हा चालू करणारा माणूस वस्तूचे आयुष्य वाढवतो आणि कचरा थांबवतो. तो घडतो कसा, हे पाहायचे तर कोणत्याही आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या सुरुवातीच्या दिवसांत जावे. मुलाला लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा देतात. त्याला ‘जॉब’ म्हणायचे. तो व्हाइसमध्ये घट्ट आवळायचा आणि कानस दोन्ही हातांनी धरून पुढे रेटायची. परत आणताना दाब द्यायचा नाही, नाहीतर कानशीचे दात जातात. आरंभी प्रत्येकाचा जॉब कडांना झिजतो आणि मध्ये उंच राहतो. तळहाताला फोड येतात. मग त्यावर गुण्या टेकवायचा, जॉब खिडकीकडे धरायचा आणि एक डोळा मिटून पाहायचे. लोखंड आणि गुण्या यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसली, तर तिथे अजून चढ-उतार आहे. गुरुजी बोटाने जागा दाखवतात. मुलगा जॉब पुन्हा व्हाइसमध्ये आवळतो.