पाणी स्वच्छ दिसतंय, पण मासा अजून नको!

मागच्या भागात आपण टाकी, पंप आणि लाइट निवडले. त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा: "ताई, खारं पाणी भरलं, खडक रचला, पाणी एकदम काचेसारखं आहे. आता निमो कधी सोडू?"

माझं उत्तर आहे, पहिले चार ते सहा आठवडे मासा सोडूच नका. या काळात आपण मासे पाळत नसतो, जिवाणू पाळत असतो. आणि पाणी स्वच्छ दिसतंय म्हणजे ते सुरक्षित आहे, असं अजिबात नाही. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. आजच्या भागात बरेच आकडे आहेत आणि ऐकताना ते निसटतात, म्हणून इथे वाचून घ्या.

आधी पाणी. नळाचं पाणी नको, कारण त्यात क्लोरीन असतं, फॉस्फेट असू शकतं, कधी पाइपातून आलेलं तांबंही असतं. तांबं म्हणजे कोळंबी आणि गोगलगायींसाठी सरळ विष. मग घरातला आरओ चालेल का? नुसता नाही. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी बऱ्याचदा खनिजं परत मिसळतात. आपल्याला आरओच्या पुढे डीआय फिल्टर लागतो. टीडीएस मीटरवर शून्य आलं पाहिजे.

आता मीठ. स्वयंपाकघरातलं मीठ चालणार नाही, त्यात समुद्रातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम नसतं. रीफसाठी मिळणारं मीठ लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम लागतं. ते वेगळ्या बादलीत, पंप चालू ठेवून, पाण्यात हळूहळू टाका. कोरड्या मिठावर पाणी ओतलं की कॅल्शियमचा पांढरा साका बसतो. तापमान २५-२६ अंश ठेवा आणि खारटपणा ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास.

आता खरी गोष्ट, नायट्रोजन चक्र. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू खडकावर आणि वाळूवर वस्ती करतात. नव्या कोऱ्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. दूध गरम करून ठेवलं म्हणून दही लागत नाही ना? विरजण लागतं आणि वेळ लागतो. इथंही तसंच. बाटलीतले जिवाणू म्हणजे आपलं विरजण.

पण त्यांना खायला काय घालायचं? काही दुकानांत अजून सांगतात, "एखादा स्वस्त डॅमसेल सोडा, तो मजबूत असतो." मला हे पटत नाही. त्या माशाचे कल्ले अमोनियानं भाजून निघतात. त्यात समुद्राच्या पाण्याचा पीएच असतो ८.१ ते ८.३. पीएच एका अंकानं वाढला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. म्हणजे गोड्या पाण्याच्या टाकीत जेवढा अमोनिया मासा कसाबसा सोसतो, तेवढाच इथं त्याचा जीव घेऊ शकतो.

त्यापेक्षा अमोनियम क्लोराइड वापरा. हाच आपला नवसागर, कल्हईवाले वापरतात तो. फक्त बाजारातला नको, मत्स्यालयासाठी मिळणारं शुद्ध द्रावण घ्या. अमोनिया २ पीपीएम होईल एवढं टाका आणि दर दोन दिवसांनी टेस्ट करा. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतं. मग नायट्राइट उतरतं आणि नायट्रेट साठतं. नायट्राइट जास्त असताना नायट्रेटच्या टेस्टवर विश्वास ठेवू नका, ती उगाच जास्त दाखवते.

चक्र पूर्ण झालं हे कसं ओळखायचं? पुन्हा २ पीपीएम अमोनिया टाका. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले, तर जिवाणू तयार. माझ्या टाकीला ३८ दिवस लागले. मग पाणी बदलून नायट्रेट खाली आणा आणि एकच मासा सोडा, शक्यतो टाकीतच पैदास झालेला. पुढचा दोन-तीन आठवड्यांनी.

या वाट बघण्याच्या काळात हात शिवशिवतात. पीएच ७.८ दिसला की लगेच पावडर टाकावीशी वाटते. थांबा! एसी लावून बंद केलेल्या खोलीत आपल्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्यात विरघळतो, त्यानं पीएच उतरतो. आधी खिडकी उघडून बघा. अल्कलिनिटी ७ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम असेल तर काहीही टाकू नका. प्रवाळ नसताना हे फारसं खर्चच होत नाही.

रोज करायचं एकच काम आहे, बाष्पीभवनाची भरपाई. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ४० लिटरच्या टाकीतून २ लिटर उडालं की ३५ चे जवळपास ३६.८ पीपीटी होतात. ६ लिटर उडालं तर ४१ च्या वर! म्हणून भर घालायची ती शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याची, खाऱ्या नाही.

आणि एक कळकळीची विनंती. मालवणला गेलात तर किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा किंवा जिवंत खडक उचलून आणू नका. आपल्याकडे खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. सुरुवातीला कोरडा खडक पुरतो, जिवाणू त्यावरही राहतात.

तर आज रात्री एवढंच करा. फोनच्या नोट्समध्ये तारीख, अमोनिया, नायट्राइट, खारटपणा असे चार रकाने पाडा आणि पहिला आकडा लिहा. मासा कधी सोडायचा हे ते रकानेच सांगतील. भेटूया पुढच्या भागात!