ओझं उतरण्याचा क्रम
लेखमाला : भार प्रभूवर – लेखांक सहावा

मागच्या लेखात आपण अपराधीपणाच्या ओझ्याविषयी बोललो. त्याला लागूनच एक प्रश्न येतो, आणि तो बहुधा हळू आवाजात विचारला जातो : बाप्तिस्मा झाला, रविवार चुकत नाही, रोज गुडघे टेकतो, तरी मनावरचा भार का उतरत नाही?

आपल्या रत्नागिरीतल्या घरगुती प्रार्थनासभांत हा प्रश्न कसा गिळला जातो, ते पाहावं. प्रार्थनेचे विषय सांगायची वेळ येते. एखाद्या बाईने एकदा धीर करून सांगितलेलं असतं की, जावेबद्दलचा राग मनातून जात नाही, प्रार्थना करा. पुढच्या आठवड्यात राग तिथेच असतो, पण ती मुलाच्या परीक्षेसाठी प्रार्थना मागते. तेच गाऱ्हाणं पुन्हा काय सांगायचं, लोक काय म्हणतील! आणि सांगितलंच तर कुणीतरी मायेनेच म्हणतं, "ताई, विश्वास कमी पडतोय." हे वाक्य आपण बोलणं सोडायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आधीच वाकलेल्या माणसाच्या पाठीवर आपण त्याने आणखी एक ओझं ठेवतो.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ सालचा, दापोली तालुक्यातल्या करजगावचा. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. गिरिप्रवचनाने त्यांना धरून ठेवलं, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट आपण अनेकदा ऐकतो आणि इथेच थांबतो. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात पुढचे टिळकही आहेत. त्यांचा तापट, लहरी स्वभाव बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेला नाही. लक्ष्मीबाईंनी ते झाकलं नाही, आणि त्यामुळे टिळकांची भक्ती तिळभरही खोटी ठरत नाही.

मला जास्त सांगायचं आहे ते लक्ष्मीबाईंविषयी. त्यांच्या वाट्याला सोवळ्याचं ओझं माहेरीच आलं होतं. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या घटनेनंतर त्यांच्या वडिलांच्या मनात विटाळाची भीती अशी बसली की घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय चालेना. मीठसुद्धा धुवायचं! धुतलेलं मीठ उरणार किती? पण भीतीला हिशेब कळत नाही. घरावर कोसळलेल्या संकटाची जखम त्या माणसाने आयुष्यभर पाण्याने पुसली, आणि त्याच्या हाताखालचं सगळं घर त्यात भिजत राहिलं. पिढीजात ओझं म्हणतात ते असं असतं. ज्या मुलीने तो प्रसंग पाहिलाही नाही, तिच्या हातापायांत त्याची सवय उतरते.

नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी या मुलीवर कशी आदळली असेल! काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या टिळकांकडे आल्या, पण आपलं सोवळं घेऊनच आल्या. टिळक ख्रिस्ती आणि घरातली बाई सोवळ्यातली, असा तो संसार काही काळ चालला.

मग राहुरीला एक दिवस त्या एकट्याच विचार करत बसल्या होत्या. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न मनात आला. देवाने केल्या असत्या तर माणसामाणसांच्या घडणीत फरक दिसला असता. जन्म तसाच, मरण तसंच, मग भेद आला कुठून? त्यांचं उत्तर ठरलं आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. समोर उपदेशक नव्हता, व्यासपीठ नव्हतं. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० मध्ये. म्हणजे त्यांच्या बाबतीत ओझं आधी उतरलं आणि विधी मागून आला.

पंडिता रमाबाईंचा क्रम बरोबर उलटा. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये, इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. पण १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात की, तेव्हा आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. मनाला शांती मिळाली ती सुमारे आठ वर्षांनी. या आठ वर्षांत त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडलं होतं, जगभर नाव झालं होतं. एवढं सगळं करणारी बाई आतून मात्र अजून शोधत होती. आई, वडील, बहीण यांना १८७० च्या दशकातल्या दुष्काळात, पाठोपाठ भाऊ आणि मग नवरा यांनाही गमावलेली ती बाई होती. तिला कुणी "विश्वास कमी पडतोय" म्हणालं असतं तर?

शांती मिळाल्यावरही रमाबाई दुष्काळ विसरल्या नाहीत. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांतूनच केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. भुकेची ती आठवण आता त्यांना दाबत नव्हती, चालवत होती. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात दमलेल्यांना विसावा देऊ करणारा येशू त्याच दमात आपलं जू खांद्यावर घ्यायलाही सांगतो. तिथे खांदा रिकामा राहत नाही. हे न सांगता नुसता विसाव्याचाच संदेश दिला, तर सुटका म्हणजे आठवण पुसणं असा लोकांचा समज होतो, आणि आठवण आली की ते घाबरतात.

एक गोष्ट थोडक्यात, पण ठामपणे. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. राज्यातल्या जुन्या चार मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या रत्नागिरीत आहे. त्या फाटकातून आत जाणाऱ्याची श्रद्धा कमी नसते. लूक हा वैद्य होता, हे पौलानेच लिहून ठेवलं आहे.

बाकीच्यांनी या आठवड्याच्या प्रार्थनासभेत एवढं करावं : तोच जुना विषय पुन्हा मांडावा, त्याच शब्दांत. आणि ऐकणाऱ्यांनी सल्ला न देता त्यासाठी प्रार्थना करावी, मग तो विषय दहाव्यांदा आला तरी. जावेचा तो राग मात्र वेगळ्या जातीचा आहे, कारण त्यात समोर दुसरं माणूस आहे आणि ते बऱ्याचदा त्याच घरात राहतं. त्याविषयी, म्हणजे क्षमेविषयी, पुढच्या लेखात.