अराज्यवादातील नेतृत्व : गैरसमज आणि वस्तुस्थिती

'अराजक माजले' असे मराठीत म्हटले की लूटमार, जाळपोळ आणि बेबंदशाही यांचेच चित्र डोळ्यांपुढे येते. त्यामुळे 'अराजकवाद' ही गोंधळाची शिकवण असावी, हा समज त्या शब्दातूनच जन्म घेतो. ज्या 'अ‍ॅनार्किझम'चा तो अनुवाद आहे, त्यामागील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'शासकाविना' इतकाच असून, १८४० मध्ये फ्रेंच विचारवंत पिएर-जोसेफ प्रूदाँ याने तो स्वतःसाठी उघडपणे स्वीकारला, तेव्हा सक्तीवाचूनही समाजात सुव्यवस्था नांदू शकते, असे त्याला म्हणायचे होते. ही कल्पना भारतीय परंपरेलाही अपरिचित नाही. महाभारताच्या शांतिपर्वात राजाविना मत्स्यन्याय, म्हणजे मोठ्या माशाने लहान माशाला गिळणे, सुरू होतो असा इशारा आहे. परंतु त्याच पर्वात, आरंभी राज्य, राजा, दंड आणि दंड देणारा यांपैकी काहीच नव्हते व लोक धर्मानेच परस्परांचे रक्षण करीत, असेही भीष्म सांगतात. म्हणून गोंधळ सुचवणाऱ्या 'अराजकवादा'ऐवजी येथे 'अराज्यवाद' हा शब्द अधिक योग्य ठरतो.

अराज्यवाद म्हणजे बॉम्ब आणि खून, हा दुसरा समज निराधार नाही. १८९४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो आणि १९०१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या हत्या करणारे स्वतःला याच विचाराचे म्हणवीत. भारतात मात्र ब्रिटिश सरकारने हे नाव सरसकट क्रांतिकारकांना चिकटवले. १९१९ च्या रौलट कायद्याच्या अधिकृत नावातही ते आहे. वस्तुतः त्या क्रांतिकारकांपैकी बहुतेकांना राज्यसंस्था नष्ट करायची नव्हती, तर स्वतःचे राज्य हवे होते. याउलट, १९१६ मध्ये बनारसच्या भाषणात गांधीजींनी आपणही अराज्यवादी आहोत, पण वेगळ्या प्रकारचे, असे सांगितले होते.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज नेतृत्वाविषयीचा आहे. अराज्यवाद्यांना कोणाचेही मार्गदर्शन चालत नाही, असे मानले जाते. पण जोड्यांच्या बाबतीत आपण चांभाराचेच म्हणणे प्रमाण मानतो, असे रशियन विचारवंत बाकुनिनने स्वच्छ लिहून ठेवले आहे. जाणकाराचा सल्ला घेणे आणि त्याच्या हाती हुकमत देणे या दोन गोष्टींत तो भेद करतो, आणि सामायिक नेतृत्वाचा सारा विचार या भेदावर उभा आहे. जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध भडकल्यावर सीएनटी या अराज्यवादी कामगार महासंघाच्या सदस्यांनी बार्सिलोनातील ट्राम आणि अनेक कारखाने स्वतः चालवायला घेतले. कामगारांच्या सभा प्रतिनिधी निवडत, त्यांना नेमके काम ठरवून देत आणि विश्वास उडाल्यास परतही बोलावू शकत. ब्वेनाव्हेंतुरा दुरुतीच्या लढाऊ तुकडीत सैनिक आपले प्रतिनिधी स्वतः निवडीत, तर अनुभवी लष्करी अधिकारी सल्लागार म्हणून काम करीत. या प्रयोगाची मर्यादाही सांगितली पाहिजे: नोव्हेंबर १९३६ मध्ये याच चळवळीतील चौघे, त्यांत आरोग्यमंत्री झालेल्या फेदेरिका मोंतसेनी, सरकारात सामील झाले आणि ज्या राज्यसंस्थेला विरोध होता तिचाच भाग बनले.

रचनाच नसली की समता आपोआप येते, हा समज चळवळीतल्या लोकांचाच असतो आणि म्हणून तो अधिक घातक आहे. अमेरिकेतील स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की, नियम लिहिलेले नसले तरी जुनी मैत्री, फावला वेळ आणि बोलण्याचे कौशल्य यांच्या बळावर काही मोजकी माणसेच गट चालवू लागतात, आणि त्यांची निवडच झालेली नसल्याने त्यांना जाबही विचारता येत नाही. त्यामुळे कामांची वाटणी, पदांची अदलाबदल आणि माहितीची खुली देवाणघेवाण ठरवून करावी लागते.

अशी ठरवून केलेली रचना महाराष्ट्रातही पाहायला मिळते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव अराज्यवादी म्हणून ओळखले जात नाही. कायद्याच्या चौकटीत राहूनच त्याने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तरीही नेतृत्व वाटून घेण्याची कार्यपद्धती तेथे स्पष्ट दिसते. देवाजी तोफा यांच्यासारखे सर्वमान्य पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे अभ्यासू सहकारी गावाला लाभले. अभ्यासगटात एखाद्या विषयाची माहिती तपासली जाते, चर्चा होते, पण अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा असतो, आणि तो बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्यासाठी, विरोध शिल्लक असेल तर चर्चा पुन्हा होते.